तेलाच्या डब्यातली शाकंभरी

"शेतीले माती लागते, हे जुन्या लोकांचं खूळ आहे!"

भाऊबीजेच्या दुपारी, मौद्याला सासऱ्याच्या ओसरीवर, पोटात सहा करंज्या आणि तोंडात सुपारी असताना मनोहररावांनी हे वाक्य टाकलं, आणि तिथंच त्यांचं नशीब फुटलं.

मनोहरराव नागपूरला पाटबंधारे खात्यात कारकून. कालव्यांच्या फायली त्यांनी वीस वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर वाहत्या ठेवल्या होत्या, पण कालव्यात पाय कधी बुडवला नव्हता. सासरे चंपतराव म्हणजे पंधरा एकर धानाचे मालक, मोठ्या मिशा, त्याहून मोठा आवाज. त्या दिवशी सकाळीच मनोहररावांनी धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उभं राहून, कमरेवर हात ठेवून, "वा! यंदा गहू काय छान आला!" असं म्हटलं होतं. ते चंपतरावांनी आधी घरच्यांना सांगितलं, मग शेजाऱ्यांना, मग रस्त्यानं जाणाऱ्या दोन अनोळखी माणसांना बोलावून सांगितलं. जेवताना तर कहरच केला. "जवाईबुवा," म्हणाले, "थोडा गव्हाचा भात वाढू काय?"

पंगतीतल्या पोरासोरांसकट सगळे हसले. मनोहररावांची बायको गोपिका, म्हणजे चंपतरावांचीच लेक, तीही पदराआड हसली. हे मात्र मनोहररावांना फार लागलं.

म्हणून त्यांनी खिशातून ते पत्रक काढलं. कुठल्याशा प्रदर्शनात फुकट मिळालेलं. 'हायड्रोपोनिक्स : मातीविना शेती!'

"मातीबिगर?" चंपतराव म्हणाले.

"मातीबिगर!"

"मंग कशात? हवेत?"

"पाण्यात! नुसत्या रेतीत औषधाचं पाणी सोडायचं, वर विजेचा दिवा लावायचा! विलायतेत बाहेर बर्फ पडते ना, तवा लोक घरातल्या घरात भाजी काढतात!"

"तिकडे बर्फ पडते म्हणून काढत असतील. नागपुरात काहून घरात पिकवा लागते गा?"

हा प्रश्न बिनतोड होता. म्हणूनच मनोहररावांनी तो ऐकला नाही. "संक्रांतीले या नागपूरले!" ते गरजले. "मातीचा कण न लावता पिकवलेल्या सांभाराच्या वड्या खाऊ घालतो तुम्हाले!"

(पुण्यामुंबईचे वाचक इथं इडली शोधायला लागतील म्हणून सांगून ठेवतो. आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर. हिवाळ्यात तिचं सारण भरून तळलेल्या लांबोळक्या वड्या ज्यानं खाल्ल्या नाहीत, त्यानं नागपूर पाहिलं असं आम्ही मानत नाही.)

पैज लागली. मनोहररावांनी वड्या खाऊ घातल्या, तर चंपतरावांनी जन्मात पुन्हा जावयासमोर शेतीचा शब्द काढायचा नाही. नाही घातल्या, तर मनोहररावांनी मौद्याला येऊन सासऱ्याच्या वावरात एक दिवस निंदण करायचं, म्हणजे पिकातलं तण उपटायचं. तेही एकट्यानं नाही, बायांच्या ओळीत बसून, सगळ्या गावादेखत!

निघताना चंपतरावांनी लेकीच्या हातात तुळशीच्या कुंडीसाठी थैलीभर काळी माती दिली. एस.टी.त ती थैली मनोहररावांच्या मांडीवर आली.

"नागपुरात काय माती मिळत नाही?" ते चिडून म्हणाले.

"माहेरची आहे," गोपिका म्हणाली. "राहू द्या."

नागपूरला गणेशपेठेत मनोहररावांचं भाड्याचं घर. तीन खोल्या. त्यांतली मधली खोली शेतीसाठी घोषित झाली. तेलाचे दोन रिकामे डबे उभे चिरून चार लांबट पेट्या झाल्या, आतून डांबर लागलं. कन्हान नदीची रेती सात पाण्यांनी धुतली गेली, इतकी की गोपिका म्हणाली, "एवढे तर तुम्ही तांदूळबी कधी धुतले नाही." पत्रकात लिहिलं होतं, 'खोलीत थंड वारा येऊ देऊ नये', म्हणून खिडकीवर दोन घोंगड्या ठोकल्या. बाहेर नागपूरचं हिवाळी ऊन अंगणभर सांडलेलं, लोक त्यात बसून तुरीच्या शेंगा सोलतायत, आणि आत मनोहरराव अंधार करून शंभराचा बल्ब जाळतायत!

"अवो, अंगणात ठेवा ना ते डबे," गोपिका म्हणाली. "एवढं ऊन पडून राहिलं फुकटात."

"विज्ञानात फुकटचं चालत नाही! आणि कोणाले एक शब्द सांगशील तर माह्या गळ्याची शपथ आहे. मौद्याची एस.टी. दिवसातून पाचदा येते. सकाळी इकडे शिंकलो तर संध्याकाळी तिकडे तुह्या बापाले समजते!"

गोपिकेनं शपथ घेतली. शपथ हीच पुढं सगळ्याला नडली.

स्वयंपाकघरातले धने डब्यांत पडले. औषधाची पुडी पाण्यात विरघळली. मनोहरराव बाजेवर बसून वाट पाहू लागले. एक दिवस झाला, चार झाले, बारा झाले. डब्यात काही हलेना! मनोहररावांचं जेवण तुटलं. कचेरीतून आले की बूट न काढता डब्यावर वाकायचे आणि खाली मान घालून परत यायचे.

"धने फोडून पेरा लागतात," गोपिका एकदा हळूच म्हणाली. "पायाखाली रगडून दोन फाकी कराव्या लागतात त्याच्या."

"पत्रकात लिहिलं नाही!"

"लिहिणाऱ्याच्या बायकोले विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं."

त्या रात्री मनोहरराव जेवले नाहीत. "गोपिका," भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, "मी त्या बायांच्या ओळीत बसलो, तर कचेरीत तोंड दाखवता येणार नाही मले. साहेबाचा मेहुणा मौद्याचा आहे." आवाज इतका बारीक झाला होता की गोपिकेला गलबलून आलं.

दुसऱ्या दिवशी मनोहररावांना दोन दिवस कचेरीच्या कामानं कामठीला जावं लागलं. परत आले तर डब्यातलं पाणी थोडं काळसर झालेलं.

"पाहा!" ते आनंदानं ओरडले. "औषध उतरून राहिलं!"

"हो ना," गोपिका कणीक मळत म्हणाली.

आणि आठव्या दिवशी खरोखरच चारही डब्यांत हिरवी लव उगवली! मनोहररावांनी खोलीतल्या खोलीत उडी मारली, बल्बला डोकं लागलं, तरी हसतच राहिले. त्या दिवसापासून पत्रकातलं अक्षर न् अक्षर ते पाळू लागले. 'रोपांजवळ स्वच्छ हातापायांनी जावे.' झालं! थंडीत एकाआड एक दिवस अंघोळ करणारा हा माणूस पहाटे पाचला थंड पाणी अंगावर घेऊ लागला. 'पादत्राणे बाहेर ठेवावीत.' ठेवली. 'तंबाखूच्या हाताने रोपांस रोग होतो.' वीस वर्षांची तंबाखू सुटली! 'मुळांस सकाळ-संध्याकाळ हवा द्यावी.' सायकलचा पंप आणला, त्याची नळी पाण्यात सोडली आणि फूस-फूस सुरू केलं. पत्रकात 'शंभर वेळा' असं लिहिलं होतं. वरच्या आठ वेळा मनोहररावांनी आपल्याकडून घातल्या, आणि चुकू नये म्हणून ते मोठ्यानं मोजायचे.

आता भिंतीपलीकडे घरमालक नत्थूजी आणि त्यांची बायको अंजनाबाई राहतात. अंजनाबाईंना भिंतीतून काय ऐकू येत असेल ते तुम्हीच पाहा. पहाटेची थंडगार अंघोळ. मग अनवाणी पावलं. मग कोंडलेल्या खोलीतून "फूस! फूस! हूं! फूस!" आणि दमलेल्या आवाजात, "एकशे सहा... एकशे सात... एकशे आठ... वाढ वं माये, वाढ!"

अंजनाबाईंनी नळावर गोपिकेला गाठलं.

"गोपिका, मनोहररावाच्या अंगात येते काय वं?"

"नाही बाप्पा!"

"मंग तंबाखू काहून सोडली त्यानं? अन् त्या खोलीत दिवसारात्री दिवा कायचा आहे?"

गोपिका पेचात पडली. खोटं बोलवेना, खरं सांगता येईना. "अंजनाबाई, संक्रांतीपर्यंत मले काही विचारू नका. त्यांनी शपथ घातली आहे."

अंजनाबाईंनी घागर खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले. नवस बोललेला माणूस तोंड उघडत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तरी पाहिल्याशिवाय त्यांना राहवेना. पौष अष्टमीच्या दुपारी त्या मागच्या बोळात गेल्या. मधल्या खोलीच्या खिडकीची घोंगडी का कोण जाणे, बाजूला सारलेली होती. अंजनाबाईंनी टाचा उंच करून आत डोकावलं. भर दुपारी अखंड तेवणारा दिवा! त्याखाली चार पात्रं! आणि त्यांत वीतभर हिरवंगार लवलवतंय!

जवारे! कोणत्याही विदर्भातल्या बाईला विचारा. घरात, अडोशाला, दिव्याखाली हिरवं उगवलं की ते देवीचे जवारे. आणि त्या दिवसापासून कोणतं नवरात्र बसत होतं? शाकंभरीचं! साक्षात भाजीपाल्याची देवी! अंजनाबाई बोळातच खाली बसल्या.

चौथ्या दिवशी मनोहरराव कचेरीतून घरी आले तर दारात चपलाच चपला. 'गोपिकेला काही झालं की काय!' असं वाटून ते धावत आत शिरले. मधल्या खोलीत गणेशपेठेतल्या वीस-पंचवीस बाया दाटीवाटीनं बसलेल्या. डब्यांना हळदीची बोटं, कुंकवाचे टिळे, झेंडूच्या माळा. सायकलच्या पंपालासुद्धा कुंकू! गोपिका कोपऱ्यात, चेहरा पांढराफटक.

"आले, आले! देवीचे भगत आले!" अंजनाबाईंनी गर्जना केली, आणि दोन बाया मनोहररावांच्या पाया पडल्या.

"अहो, हे... हे काय करून राहिल्या तुम्ही?"

"लपवू नका गा भाऊ आता! सारं पाहिलं म्या! आमच्या भिंतीले भिंत लावून शाकंभरी बसली, अन् आम्हाले पत्ता नाही!"

मनोहररावांनी तोंड उघडलं. 'ही देवी नाही, माझी पैज आहे!' एवढंच म्हणायचं होतं. पण समोर मौद्याहून लग्न करून आलेली एक बाई बसली होती. खरं बोललं की उद्याच्या पहिल्या एस.टी.नं ते सासऱ्याच्या ओसरीवर पोचणार! मनोहररावांनी तोंड मिटलं. अंजनाबाई म्हणाल्या, "पाहा, मौन!"

त्यात भर म्हणून नत्थूजी आले. बल्ब रात्रंदिवस जळतो म्हणून हा माणूस महिनाभर तार कापायची धमकी देत होता. त्यानं जोडे काढले, हात जोडले आणि धोतराच्या सोग्यातून दोनशेचा नवा बल्ब काढून डब्यापुढे ठेवला. "माह्याकडून," म्हणाला. "शंभराचा देवीले कमी पडते."

आता तर बोलणं शक्यच नव्हतं.

पुढचे चार दिवस मनोहररावांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. एक बाई डब्यात दूध ओतायला निघाली, तिला त्यांनी हात आडवा घालून थोपवलं. दुसरीनं गूळ ठेवला, त्याला मुंग्या लागल्या, त्या मुंग्या मनोहररावांनी पहाटे एकेक करून वेचल्या. कोणी मुलाच्या नोकरीचं विचारी, कोणी हरवलेल्या म्हशीचं. "सापडेल," ते वैतागून म्हणाले, आणि दुर्दैवानं म्हैस सापडली! मग तर रांग बोळापर्यंत गेली. पण या सगळ्यात सांभार मात्र असा माजला होता की वासानं खोली भरून जावी. मनोहरराव रोज मनाशी म्हणत, फक्त संक्रांतीपर्यंत! एकदा कापला, तळला, सासऱ्याच्या तोंडात घातला की सुटलो!

शनिवारी शाकंभरी पौर्णिमा, रविवारी संक्रांत. शनिवारी दुपारीच चंपतराव हजर झाले. खांद्यावर पोतं.

"काय आणलं बाबा?" गोपिकेनं विचारलं.

"सांभार," मिशीत हसत चंपतराव म्हणाले. "म्हटलं, जवाईबुवाचा उगवला नसला तर लेकीले वड्या कायच्या करा?"

मनोहररावांनी त्यांना सरळ मधल्या खोलीत नेलं. चंपतरावांनी डब्यात पाहिलं. एक पान खुडलं, बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं. मिशा हळूहळू खाली आल्या.

"जवाईबुवा," ते म्हणाले, "पिकवलं गा बाप्पा तुम्ही!"

काय सांगू वाचकहो! वीस वर्षांच्या नोकरीत मनोहररावांना साहेबानं कधी 'बरं' म्हटलं नव्हतं. "आता वडी तेवढी बाकी आहे," असं कसंबसं म्हणत त्यांनी विळा उचलला.

"थांबा!" दारातून अंजनाबाई अशा किंचाळल्या की चंपतरावांचं पागोटं तिरपं झालं. "जवाऱ्याले विळा लावता? देवी तळून खाता काय?"

मागं सगळी गणेशपेठ. नत्थूजी, डफडेवाला, नऊवारी नेसलेल्या बाया. "आज नवरात्र उठते! जवारे तळ्यात बुडवून शिरवा लागतात!"

"बाई, हा सांभार आहे!" मनोहरराव रडकुंडीला येऊन म्हणाले. शेवटी एकदाचं खरं तोंडातून बाहेर पडलं. "नुसता सांभार! धने टाकले होते मी!"

"दुसऱ्याच्या घरी गहू उगवतात, ह्यांच्या घरी सांभार उगवला!" अंजनाबाई मागं वळून म्हणाल्या. "शाकंभरी आहे म्हणूनच ना!"

मनोहररावांनी आशेनं सासऱ्याकडे पाहिलं. पण चंपतरावांनी पागोटं काढून काखेत मारलं होतं. "जवाईबुवा, पैज आपल्या जागी, देवी आपल्या जागी. मी नाही बाप्पा खात हिच्या वड्या. पंधरा एकर आहे माह्यावालं."

पाच मिनिटांत डफडं कडाडलं. तीन डबे सवाष्णींच्या डोक्यावर आणि चौथा, मानाचा, भगताच्या! मनोहरराव डोक्यावर तेलाचा डबा घेऊन शुक्रवारी तलावाकडे निघाले. डबा गळत होता. औषधाचं पाणी मानेवरून शर्टात, शर्टातून धोतरात उतरत होतं. बाया देवीची गाणी म्हणत होत्या. पानठेल्यावर कचेरीतला हेडक्लार्क उभा होता. त्यानं विडा थुंकून नमस्कार केला.

तलावाच्या पायरीवर मनोहररावांनी डबा एका बाजूनं धरला, दुसऱ्या बाजूनं चंपतरावांनी. डबा कलला. आधी पाणी गेलं, मग कन्हानची सात पाण्यांनी धुतलेली रेती सरकली, आणि मग मुळांना घट्ट धरून बसलेला एक मोठा काळा गोळा पायरीवर धप्पकन पडला.

दोघंही वाकून बघत राहिले. चंपतरावांनी चिमूटभर उचललं, बोटांत चोळलं, वास घेतला.

"ही तर माह्या वावराची माती!" ते म्हणाले. "विहिरीजवळच्या बांधीची!"

मनोहररावांनी बायकोकडे पाहिलं. गोपिका तलावाकडे बघत होती. मग पदराचं टोक पिळत म्हणाली, "बी उगवून नव्हतं राहिलं ना, बाबा. हे जेवत नव्हते. भिंतीकडे तोंड करून झोपले होते. मले नाही पाहवलं. तुम्ही तुळशीले देली ती माती मी रेतीखाली घातली, धने रगडून टाकले. अन् हे कचेरीत गेले का रोज खिडकीची घोंगडी काढत होती, ऊन द्याले."

डफडं वाजत होतं म्हणून बरं, नाहीतर चंपतरावांचं हसणं मौद्यापर्यंत ऐकू गेलं असतं. ते पायरीवर बसून हसले, मांडीवर थापा मारून हसले, डोळे पुसून पुन्हा हसले. भगताच्या सासऱ्याच्या अंगात आलं, असं समजून दोन बायांनी त्यांनाही कुंकू लावलं.

मनोहररावांना आधी फार राग आला. मग गोपिकेच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो कुठे गेला तेच कळेना. आपलं सांभाराचं राज्य बुडालं, पण आपण एक दिवस जेवलो नाही म्हणून या बाईनं माहेरची माती उपसून घातली, हे काही थोडं नव्हतं. "धने रगडायचे, हे पत्रकात छापा लागते," एवढंच ते पुटपुटले.

संक्रांतीला पोत्यातल्या सांभाराच्या वड्या झाल्या. मनोहररावांनी अकरा खाल्ल्या. हरलेल्या माणसाला फार भूक लागते.

पैज ती पैज. पुढच्याच रविवारी मनोहरराव मौद्याला हरभऱ्याच्या वावरात, डोक्याला रुमाल बांधून बायांच्या ओळीत उकिडवे बसले. अर्धं गाव धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जमलं होतं. पण यावेळी मनोहररावांनी ठरवलं होतं, काम असं चोख करायचं की सासऱ्याला बोट ठेवायला जागा राहू नये! बाया गप्पा मारत मागं राहिल्या, मनोहरराव खाली मान घालून सपासप पुढं गेले. हरभरा संपला, तरी थांबले नाहीत. पुढचा आडवा पट्टाही साफ केला. घाम पुसत उभे राहिले तेव्हा मागं हातभर उंच ढीग होता.

चंपतराव आले. त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं. तिथं एक गोष्ट सोडून सगळं जागच्या जागी होतं. गवत होतं, हरळी होती, गाजरगवतही डौलात उभं होतं.

"जवाईबुवा," ते फार हळू आवाजात म्हणाले, "हा सारा सांभार उपटला गा तुम्ही. दोन महिने स्वतः पिकवला, अन् ओळखू नाही आला?"

धुऱ्यावरचं गाव वाट पाहू लागलं. गोपिकेनं पदर तोंडाला लावला. मनोहररावांनी हातातली जुडी उलटीसुलटी करून पाहिली, वास घेतला आणि मान खाली घातली.

"कसा येईल, मामाजी?" ते म्हणाले. "उजेडात पयल्यांदाच पाहून राहिलो!"